भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख राम दास कटारी आणि मुरगावचा १८ डिसेंबर

झुआरीकाठ

नमस्कार मंडळी.

गोवा मुक्तिदिन जवळ आला की आपल्याकडे सत्याग्रहींच्या त्यागाबद्दल लिहिले जाते, मेजर जनरल कँडेथ यांच्या सतराव्या डिव्हिजनच्या वाटचालीचे नकाशे वर्तमानपत्रांत येतात, १९ डिसेंबर १९६१ रोजी पणजीत शिरलेल्या पलटणींची छायाचित्रे पुन्हा छापली जातात, आणि ते सारे योग्यच आहे. समुद्राचा भाग मात्र बहुधा एखाद्या ओळीत आटोपतो. मी मुरगावच्या सड्यावर वाढलो. त्या दिवसांत मी नऊ वर्षांचा होतो आणि मुक्तीचा पहिला आवाज माझ्या कानांवर पडला तो दर्याकडून, १८ तारखेच्या भर दुपारी. घरातल्या बायकांनी आम्हा मुलांना माजघरात ओढून घेतले होते, तरी खिडकीच्या गजांना बसलेली थरथर मला आजही आठवते. पुढे मुरगाव बंदरात नोकरी करताना त्या दुपारबद्दल मिळेल ते वाचत गेलो आणि वाचता वाचता एका माणसाच्या आयुष्याकडे ओढला गेलो. गोव्याच्या मुक्तीच्या वेळी भारतीय नौदलाच्या प्रमुखपदी असलेले व्हाइस ॲडमिरल राम दास कटारी हा तो माणूस. हा धागा त्यांच्याबद्दल आहे.

कटारी यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९११ रोजी तमिळ मुलखातील चेंगलपट्टू येथे झाला. मुंबईच्या बंदरात १९२७ साली ‘डफरिन’ ही प्रशिक्षण नौका भारतीय मुलांसाठी सुरू झाली, तिच्या अगदी पहिल्या तुकडीत ते होते. त्या काळात भारतीय तरुणाने जहाजावर अधिकारी होणे ही गोष्ट जवळजवळ अशक्य होती, कारण आपल्या किनाऱ्यावरची बहुतेक जहाजे इंग्रज कंपन्यांची असत आणि त्यांवरचे खलाशी आपले, तर अधिकारी त्यांचे, अशी सरळ विभागणी असे. डफरिनवरून बाहेर पडल्यावर कटारी यांनी कलकत्ता बंदरासाठी हुगळी नदीवरील सर्वेक्षणाचे काम केले. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा, म्हणजे १९३९ साली, ते राखीव अधिकारी म्हणून नौदलात आले आणि पाणबुडीविरोधी युद्धकलेत त्यांनी प्रावीण्य मिळवले.

पुढची एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात आलेली नसेल. स्वतंत्र भारताच्या सैन्याला करिअप्पा यांच्या रूपाने १५ जानेवारी १९४९ रोजी भारतीय प्रमुख मिळाला, हवाई दलाला १ एप्रिल १९५४ रोजी सुब्रतो मुखर्जी मिळाले. नौदलाची सूत्रे मात्र आणखी चार वर्षे इंग्रज अधिकाऱ्याच्याच हाती राहिली. इंग्रजांनी भारतीयांना नौदलाच्या अधिकारी वर्गात इतका उशिरा आणि इतका मोजून मापून प्रवेश दिला होता की स्वातंत्र्याच्या वेळी ताफा सांभाळण्याइतका ज्येष्ठ भारतीय अधिकारीच तयार झालेला नव्हता, आणि तो तयार होईपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते. कटारी हे १९५६ साली भारतीय ताफ्याचे नेतृत्व करणारे पहिले भारतीय अधिकारी ठरले, आणि २२ एप्रिल १९५८ रोजी व्हाइस ॲडमिरल सर स्टीफन कार्लिल यांच्याकडून त्यांनी नौदलप्रमुखपदाची सूत्रे घेतली. तेव्हा त्यांचे वय अवघे ४६ वर्षांचे होते.

त्यांच्या कारकिर्दीतच ब्रिटनमध्ये बांधलेल्या नव्या फ्रिगेटी, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, एकामागून एक ताफ्यात आल्या, १९६० साली माझगाव आणि गार्डन रीच या गोद्या सरकारने ताब्यात घेतल्या, आणि ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका भारतीय नौदलात दाखल झाली. ती ३ नोव्हेंबर १९६१ रोजी मुंबईस पोहोचली, म्हणजे आपल्या मुक्तीच्या जेमतेम सहा आठवडे आधी.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. नोव्हेंबरच्या २४ तारखेला अंजदीव बेटाजवळून जाणाऱ्या ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर पोर्तुगीज शिपायांनी गोळीबार केला. त्यात एक प्रवासी दगावला आणि बोटीचा मुख्य अभियंता जखमी झाला. लगेच मोठा हल्ला झाला नाही. १ डिसेंबरपासून ‘बेतवा’ आणि ‘बिआस’ या दोन फ्रिगेटी गोव्याच्या किनाऱ्यापासून ८ मैलांवर ये-जा करू लागल्या. किनाऱ्यावरून त्या दिसाव्यात, त्यांचा अर्थ पणजीतल्या गव्हर्नर जनरलला आणि लिस्बनमधल्या सालाझारला कळावा, पण पहिली गोळी आपण झाडली असे कोणालाही म्हणता येऊ नये, असा त्या गस्तीचा रोख मला दिसतो. दोन आठवडे ही जहाजे तशी फिरत राहिली. विक्रांत आणखी दूर, गोव्यापासून ७५ मैलांवर ठेवली होती. पोर्तुगाल हा नाटोचा सभासद होता, त्याच्या मदतीला कोणी येण्याचे मनात आणले तर वाटेत काय उभे आहे हे त्याला दिसावे एवढ्यासाठी तिची तिथली उपस्थिती पुरेशी होती.

१८ डिसेंबरला सकाळी ९ वाजता बेतवाच्या नेतृत्वाखाली तीन फ्रिगेटी मुरगाव बंदराच्या तोंडाशी येऊन थांबल्या. बंदरात ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ ही पोर्तुगीज युद्धनौका नांगरलेली होती. आपली जहाजे तिच्यावर तुटून पडली नाहीत. मुख्यालयाची परवानगी येईपर्यंत ती तीन तास तशीच थांबून राहिली. परवानगी आल्यावर, दुपारी १२ वाजता, बेतवा आणि बिआस ‘कावेरी’सह बंदरात शिरल्या आणि ४.५ इंची तोफा सुरू झाल्या. मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही आहे की तोफांच्या दोन फैरींमधल्या अवकाशात आपली जहाजे मोर्सच्या लिपीत शरणागतीचा निरोप पाठवत होती. अफोन्सोचा कप्तान, आंतोनियो द कुन्या आरागांव, शरण आला नाही. तो स्वतः गंभीर जखमी झाला, जहाज नियंत्रणात राहीना, तेव्हा १२ वाजून ३५ मिनिटांनी ते समोरच्या बांबोळीच्या किनाऱ्यावर चढवण्यात आले. सारे मिळून पाऊण तासाचेही काम नव्हते.

शस्त्र हातात असताना थांबता येणे, आणि ते चालवत असतानाही समोरच्याला परतीचा रस्ता दाखवत राहणे, हे गुण मी मुत्सद्द्याचे मानतो. अशा नौदलाचा प्रमुख निवृत्तीनंतर देशाचा राजदूत होतो यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही. कटारी ४ जून १९६२ रोजी निवृत्त झाले आणि १९६४ ते १९६९ ही पाच वर्षे ते ब्रह्मदेशात भारताचे राजदूत होते. त्या काळाबद्दल मला फार थोडे वाचायला मिळाले. ज्यांना अधिक ठाऊक असेल त्यांनी जरूर लिहावे.

म्हापशाचा वाचक

झुआरीकाठ काका, लेख मनापासून आवडला, परंतु एक आक्षेप आदराने नोंदवतो. गोव्यात सैन्य पाठवण्याचा निर्णय पंतप्रधान नेहरूंचा आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचा होता. समुद्रावर प्रत्यक्ष ताफ्याचे नेतृत्व रिअर ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण यांच्याकडे होते, त्यांचा ध्वज ‘म्हैसूर’ या क्रूझरवर होता, आणि ते तर आपले मराठी गृहस्थ. मुरगावच्या चकमकीत बेतवाचे कप्तान कमांडर रुस्तम गांधी होते. मग दिल्लीत बसलेल्या प्रमुखाच्या पदरात तोफांच्या मधल्या निरोपांचे श्रेय टाकणे कितपत रास्त आहे?

दुसरे असे की त्या दिवसांतली खरी मुत्सद्देगिरी न्यूयॉर्कमध्ये चालली होती. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी मिळून भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव आणला. त्याच्या बाजूने ७ मते पडली आणि विरोधात ४. सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक हे ते चार देश. सोव्हिएत नकाराधिकारामुळे ठराव पडला. भारताची बाजू सी. एस. झा मांडत होते आणि गोव्यावर पोर्तुगालचा हक्क मुळात वसाहतवादी असल्यामुळे तो हक्कच नव्हे, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. मुत्सद्दी म्हणायचे तर मी त्यांना म्हणेन.

झुआरीकाठ

आपला आक्षेप मला मान्य आहे आणि सोमण साहेबांचे नाव मूळ लेखात यायला हवे होते, ती माझी चूक. तोफांच्या मधल्या निरोपांचे श्रेय त्या जहाजांवरच्या अधिकाऱ्यांचे आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की त्या अधिकाऱ्यांना तीन तास थांबायला लावणारी शिस्त एका रात्रीत तयार होत नाही. इंग्रज प्रमुखाकडून सूत्रे घेऊन चार वर्षे होण्याच्या आत, स्वतंत्र भारताच्या नौदलाला पहिल्यांदाच एका युरोपीय राष्ट्राच्या युद्धनौकेवर तोफा रोखाव्या लागल्या. तिथे एखादा घाईचा गोळा बंदरातल्या परक्या व्यापारी जहाजावर पडला असता, तर त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये श्री. झा यांना काय बोलावे लागले असते, याचा विचार करून पाहा. परिषदेतला युक्तिवाद आणि मुरगावच्या तोंडाशी थांबलेली जहाजे ही मला एकाच कामाची दोन टोके वाटतात.

सोमण साहेब हेच कटारी यांच्यानंतर, ५ जून १९६२ रोजी, नौदलप्रमुख झाले, ही गोष्टही येथे नोंदवून ठेवतो.

काणकोणवासी

मुरगावच्या चकमकीबद्दल सर्वजण लिहितात म्हणून मी अंजदीवबद्दल लिहितो. हे बेट कारवारच्या किनाऱ्यापासून अगदी जवळ असले तरी ते आमच्या काणकोण तालुक्यात मोडते. पोळे गावच्या बाजूने स्वच्छ दिवशी ते डोळ्यांना दिसते, आणि माझे आजोबा मासेमारीच्या होडीतून त्याच्या बाजूने जात असत.

१८ डिसेंबरला सकाळी म्हैसूर आणि ‘त्रिशूल’ या जहाजांवरून नौसैनिकांच्या तुकड्या अंजदीववर उतरवण्यात आल्या. आपल्या नौदलाकडे तेव्हा किनाऱ्यावर उतरून लढण्यासाठी वेगळे तयार केलेले दल नव्हते. जहाजावर तोफा, यंत्रे आणि दोरखंड सांभाळणाऱ्या खलाशांमधूनच त्या तुकड्या उभ्या केल्या होत्या. पहिली तुकडी लेफ्टनंट अरुण ऑडिट्टो यांची होती. बेटावर पांढरे निशाण दिसले, म्हणून आपले लोक पुढे सरकले, आणि मग त्यांच्यावर गोळीबार सुरू झाला. ७ नौसैनिक मारले गेले आणि १९ जखमी झाले, त्यांत दोन अधिकारी होते. बेट पूर्णपणे हाती येण्यास दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली.

मुरगावात आपल्या बाजूची हानी झाली नाही आणि म्हणून आपण तिथल्या संयमाचे कौतुक करू शकतो. अंजदीवला तोच संयम, म्हणजे पांढऱ्या निशाणावर विश्वास ठेवणे, सात घरांना फार महाग पडला. झुआरीकाठ काकांच्या मताला मी विरोध करत नाही, मलाही ते पटते, परंतु त्या मताची किंमत कोणी मोजली हे लिहिल्यावाचून हा धागा पुरा होणार नाही. वास्कोच्या आयएनएस गोमंतक या नौदल तळावर त्या सात जणांचे स्मारक आहे. माझ्या शाळेच्या पुस्तकात त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते.

झुआरीकाठ

काणकोणवासी, आपण लिहिलेत हे फार बरे झाले. मी मुरगावचा असल्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे मुरगावच राहिले. आपले शेवटचे वाक्य वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही.

तांडेल

मी व्यापारी जहाजांवर ३१ वर्षे होतो आणि आता ताळगावला राहतो. कटारी यांच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल थोडे लिहितो, कारण लढाईच्या गडबडीत तो भाग मागे पडतो आणि माझ्या मते त्यांचा स्वभाव तिथेच घडला असावा.

हुगळी ही जगातल्या अवघड नद्यांपैकी एक मानली जाते. समुद्रापासून कलकत्त्यापर्यंतची जलवाट शंभर मैलांहून लांब आहे, तिच्यातले वाळूचे पट्टे सारखे जागा बदलतात, आणि भरतीचा लोंढा कधी कधी भिंतीसारखा उभा आत शिरतो. काल जिथे चार वाव पाणी होते तिथे आज जहाज रुतू शकते. म्हणून तिथे सर्वेक्षण करणाऱ्या माणसाला दररोज नव्याने खोली मोजावी लागते. कालच्या नोंदीवर विसंबता येत नाही आणि आपल्या आठवणीवर तर मुळीच नाही. ज्याने उमेदीची वर्षे अशा पाण्यात काढली, तो माणूस पुढे कोणत्याही परक्या दरबारात गेला तरी आधी पाण्याचा अंदाज घेईल आणि मगच पुढे सरकेल.

डफरिनबद्दलही एक सांगण्यासारखे आहे. ती नौका मूळची सैनिक वाहून नेणारी होती आणि नंतर माझगावच्या धक्क्याजवळ मुंबई बंदरात कायमची उभी करण्यात आली. भारतीयांच्या मालकीची जहाज कंपनी असावी आणि तिच्यावर भारतीय अधिकारी असावेत, या मागणीला कंटाळून का होईना, इंग्रज सरकारने ती सोय केली. त्या पहिल्या तुकडीतल्या मुलांना ठाऊक होते की आपण अपयशी ठरलो तर भारतीयांना समुद्र जमत नाही असे म्हणायला लोक टपलेले आहेत. माझ्या काळी डफरिन जाऊन तिच्या जागी ‘राजेंद्र’ आली होती, तरीही आमचे शिक्षक पहिल्या तुकडीचे नाव घेताना आवाज उतरवून बोलत.

मडगावची शिक्षिका

झुआरीकाठ काकांनी ब्रह्मदेशाबद्दल विचारले आहे म्हणून लिहिते. हा विषय माझ्या घरातला आहे. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ रंगूनला एका जहाज कंपनीत कारकून होते. १९४२ साली जपानी आले तेव्हा ते एकदा पळून आले होते, युद्धानंतर पुन्हा गेले, आणि १९६४ साली कायमचे परत आले. आमच्या घरी त्यांना सगळे ‘रंगूनचे काका’ म्हणत.

कटारी यांची नेमणूक झाली ती वेळ कशी होती ते लक्षात घ्यायला हवे. २ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन यांनी रंगूनमध्ये सत्ता हाती घेतली होती. त्यानंतर बँका, गिरण्या, घाऊक व्यापार आणि शेवटी साधी किरकोळ दुकानेसुद्धा सरकारने ताब्यात घेतली. १९६४च्या मे महिन्यात ५० आणि १०० क्यातच्या नोटा एकाएकी रद्द झाल्या. ब्रह्मदेशातला व्यापार मोठ्या प्रमाणात भारतीयांच्या हातात होता आणि बचतही नोटांमध्येच होती, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली कुटुंबे काही दिवसांत निर्धन झाली. पुढच्या काही वर्षांत लाखो भारतीय वंशाचे लोक तो देश सोडून आले. त्यांतले फार मोठे प्रमाण तमिळ लोकांचे होते, ते जहाजांनी मद्रासला उतरले, आणि चेन्नईतला बर्मा बाजार त्यांच्याच पुनर्वसनातून उभा राहिला. सोने, दागिने, पैसा बरोबर आणण्यास जवळजवळ मनाईच होती. रंगूनचे काका एक ट्रंक घेऊन आले होते. ती ट्रंक अजून आमच्या माडीवर आहे आणि तिच्यात आता दिवाळीचे आकाशकंदील ठेवलेले असतात.

अशा वेळी राजदूताची अवस्था काय होत असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्या लोकांवर अन्याय होत असल्याचे त्याला रोज दिसत असते, दारात रोज रांगा लागलेल्या असतात, पण ज्या सरकारकडे दाद मागायची त्याच सरकारशी संबंध तुटू देता येत नाहीत. ते तुटले तर उरलेल्या लोकांना सुखरूप बाहेर काढण्याची वाटही बंद होते. शिवाय त्या सरकारला दुखवले तर ईशान्येची सीमा उघडी पडते, ही भीती वेगळी. १९६२चा चीनचा घाव ताजा होता. १ मार्च १९६६ रोजी मिझो टेकड्यांमध्ये उठाव झाला, आणि त्याच सुमारास नागा बंडखोरांच्या तुकड्या ब्रह्मदेशाच्या कचिन भागातून पायी चीनच्या युन्नान प्रांतात जाऊ लागल्या. दिल्लीने निवृत्त नौदलप्रमुखाला रंगूनला पाठवले यात मला मोठा अर्थ दिसतो. ने विन स्वतः सैनिक होते, आणि सैनिकाशी सैनिकाने बोलावे असा हिशेब असणे स्वाभाविक आहे.

ह्या साऱ्या ताणातही एक मोठे काम झाले. १० मार्च १९६७ रोजी रंगून येथे भारत आणि ब्रह्मदेश यांच्यात सीमा करार झाला. सोळाशे किलोमीटरांहून लांब अशी ही जमिनीवरची सीमा डोंगर आणि घनदाट रानांतून जाते, आणि तिचा बराच भाग तोवर केवळ इंग्रजांच्या जुन्या नोंदींवर उभा होता. चीन, भारत आणि ब्रह्मदेश जिथे एकत्र येतात तो उत्तरेकडचा बिंदू करारात मुद्दाम अनिर्णित ठेवला गेला, म्हणजे जेवढे ठरवता येत होते तेवढे ठरवून घेतले आणि जे ठरवू गेल्यास सगळेच बिघडले असते ते बाजूला ठेवले. करारावर अनेकांनी काम केले असणार, पण तो कटारी यांच्या कारकिर्दीत, त्यांच्या डोळ्यांदेखत झाला. शेजाऱ्यांशी झालेल्या आपल्या सीमांच्या भांडणांचा इतिहास पाहिला तर अशा शांतपणे पार पडलेल्या कराराचे मोल कळते.

रंगूनचे काका शेवटपर्यंत दूतावासातल्या लोकांबद्दल चांगलेच बोलत. आपल्याला सोने आणता आले नाही याचे त्यांना दुःख होते, पण आपल्याला आणि आपल्या बायकामुलांना जहाजावर जागा मिळाली हे ते प्रत्येक वेळी सांगत.

म्हापशाचा वाचक

ताई, आपला प्रतिसाद वाचल्यावर माझा आधीचा आक्षेप मी बराचसा मागे घेतो.

सेनाप्रमुखांना राजदूत म्हणून पाठवण्याची रीत त्या काळी होतीच. करिअप्पा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये उच्चायुक्त होते, जनरल थापर अफगाणिस्तानात गेले, गोव्याच्या मोहिमेच्या वेळी दक्षिण कमांडचे प्रमुख असलेले जनरल जयंतो नाथ चौधुरी पुढे कॅनडात उच्चायुक्त झाले. नौदलातही ही परंपरा चालू राहिली: ॲडमिरल डॉसन न्यूझीलंडला गेले, अलीकडे सुरेश मेहता न्यूझीलंडला आणि निर्मल वर्मा कॅनडाला. मात्र ह्यांतल्या बहुतेक नेमणुका शांत राजधान्यांतल्या होत्या. पाच वर्षे पेटलेल्या शेजाऱ्याच्या घरात बसण्याची वेळ कटारी यांच्यावर आली, हा फरक मला आज कळला.

गोव्याच्या संदर्भात आणखी एक नाव घ्यायला हवे. माजी नौदलप्रमुख ॲडमिरल अरुण प्रकाश. १९७१च्या युद्धात हवाई दलाबरोबर हंटर विमाने चालवून त्यांनी वीरचक्र मिळवले, दाबोळीच्या सी हॅरियर विमानांच्या तुकडीचे नेतृत्व केले, अंदमान-निकोबारच्या संयुक्त कमांडचे ते पहिले प्रमुख होते, आणि २६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली तेव्हा नौदलप्रमुख होते. आपल्या किनाऱ्यावर हाहाकार उडालेला असताना भारताची जहाजे श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियालाही मदत घेऊन गेली. निवृत्तीनंतर ते राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळावर होते आणि गोव्यातच स्थायिक झाले. तिन्ही दलांनी एकत्र विचार करावा हा त्यांचा अनेक वर्षांचा आग्रह आहे, आणि १९६१ साली गोव्यात तिन्ही दले एकाच वेळी उतरली होती हे लक्षात घेतले तर त्या आग्रहाची मुळे आपल्याच मातीत सापडतात. हवाई दलाच्या बाजूने त्या मोहिमेचे नेतृत्व एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो या मूळच्या गोमंतकीयाकडे होते, हेही सांगितले पाहिजे.

तांडेल

मी एक भर घालतो. पोर्तुगीजांनी बांधलेला दाबोळीचा विमानतळ १९६४ साली नौदलाच्या हवाई शाखेचे घर झाला, कारण आयएनएस हंसा हा नौदलाचा हवाई तळ तेव्हा दक्षिणेतून तिथे आला. वेरेंच्या आयएनएस मांडवी या नौदल तळावर १९८६ पासून २००९ पर्यंत नौदल अकादमी होती, आणि आता तिथेच नौदल युद्ध महाविद्यालय आहे. तिथे २०१७ पासून हिंदी महासागरातल्या देशांचे नौदलप्रमुख गोवा सागरी परिषदेसाठी जमतात, आणि त्यांत म्यानमारही असतो. म्हणजे कटारी यांच्या आयुष्याची दोन टोके, गोवा आणि ब्रह्मदेश, त्या एका सभागृहात एकत्र बसतात. वेरेंच्या बाजूने फेरीतून जाताना त्या कुंपणाकडे पाहून मला अनेकदा वाटते की आत शिकणाऱ्या अधिकाऱ्यांना १८ डिसेंबरची ती तीन तासांची वाट पाहणी कोणी सांगत असेल का.

काणकोणवासी

अफोन्सोचे पुढे काय झाले हे कोणी लिहिले नाही. आमच्या तालुक्यातले काही लोक ते पाहायला मुद्दाम दोनापावलपर्यंत गेले होते असे ऐकले आहे.

झुआरीकाठ

ते जहाज १९६२ सालापर्यंत तिथेच रुतून होते, मग ते ओढून मुंबईला नेले आणि भंगारात विकले. त्याचे काही भाग मुंबईत नौदलाने जपून ठेवले आहेत. मी लहानपणी सड्यावरून झुआरीच्या पलीकडे ते तिरके झालेले जहाज रोज पाहत असे. आम्हा मुलांना ते हरलेले जहाज म्हणून मजेचे वाटे. त्यात पाच माणसे मेली होती हे मला पुष्कळ वर्षांनी कळले आणि त्यानंतर ती आठवण तशी राहिली नाही.

एक गोष्ट मी मूळ लेखात लिहायची राखून ठेवली होती, ती आता लिहितो. १९ तारखेच्या रात्री पोर्तुगीजांची शरणागती झाली. त्यानंतर कप्तान आरागांव पणजीत जखमी अवस्थेत अंथरुणावर पडून होता, आणि बेतवा व बिआस या दोन्ही जहाजांचे कप्तान त्याला भेटायला गेले. ज्यांनी त्याचे जहाज मोडले, तेच त्याच्या उशाशी उभे राहिले. सालाझारने गोव्यातल्या आपल्या सैन्याला शेवटच्या माणसापर्यंत लढून मरण्याचा हुकूम दिला होता, आणि ज्याने तो हुकूम निदान आपल्या जहाजापुरता पाळला त्याचा मान आपल्या अधिकाऱ्यांनी राखला. दिल्लीतून तशी आज्ञा आली असेल असे मला वाटत नाही. ती माणसे तशी तयार झालेली होती, आणि त्यांना तयार करणाऱ्या नौदलाच्या शिरावर तेव्हा कटारी होते. म्हापशाच्या वाचकांना माझा मुद्दा अजूनही सैल वाटेल, पण मी त्यावर ठाम आहे.

ह्या वर्षी १८ तारखेला दुपारी १२ वाजता मी बांबोळीच्या किनाऱ्यावर जाणार आहे. नातीला बरोबर नेईन. तिला समोरचे मुरगाव बंदर दाखवीन, बेतवा कुठून आत आली ते दाखवीन, मग उजव्या हाताला समुद्राकडे बोट करून खाली दक्षिणेला अंजदीव आहे असे सांगेन, आणि काणकोणवासींनी लिहिलेले सात नौसैनिक तिला आधी सांगेन, अफोन्सोची गोष्ट नंतर. कोणाला यायचे असेल तर वाळूवर भेटू.

मडगावची शिक्षिका

मी येते. माझ्या वर्गातल्या चार मुलांनाही आणीन.